मर्विन अंकलचा 'ए'

तालमीत क्लेमेंट सर "फोर्ते! फोर्ते!" करू लागले, म्हणजे जोरात वाजवा असं सांगू लागले, की मर्विन अंकल व्हायोला मांडीवर ठेवून नम्रपणे म्हणत, "सर, वसईत फोर्त एकच, तोही पडका. त्याच्याकडून आणखी किती जोर काढणार?"

चौदा जणांचा ऑर्केस्ट्रा हसत सुटे. सरांची कंडक्टरची छडी हवेत थांबे. ती थांबली की अंकल पुढचं वाक्य टाकत, "एसटीचा कंडक्टर बरा, निदान घंटी मारून थांबतो."

हे सगळं हेमांगीच्या उजव्या कानाशी घडायचं. कारण व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, ऑर्केस्ट्रात दोनच. एक मर्विन अंकलचा, एक तिचा, आणि दोघांत नोटेशनचा स्टँड एक. अंकल पोस्टातून निवृत्त झालेले, राजोडीला राहणारे. ती खाडीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी, भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागलेली. कॉलेजात ध्वनीवरच्या प्रकल्पासाठी ती चर्चच्या हॉलमध्ये आवाज मोजायला आली होती. तिचं मोजून झाल्यावर अंकलनी तिच्या हातात व्हायोला दिला आणि म्हणाले, "आता हे मोज." त्याला सहा वर्षं झाली.

घरी तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडील पडवीत मिरच्या निवडत होते.

"ऑर्केस्ट्रा? गानारी कोन हाय?"

"गाणारी नाही, दादा. नुसती वाद्यं."

"मग नाचनारी?"

"तीही नाही."

"मग लोक बगतात काय?"

"बघत नाहीत. गप बसून ऐकतात."

वडिलांनी थोडा विचार केला. "तिकीट हाय?"

"नाही."

"मंग बरोबर हाय," म्हणून ते पुन्हा मिरच्यांकडे वळले.

हा संवाद तिने अंकलना सांगितला आणि पस्तावली. पुढचं वर्षभर ते प्रत्येक पाहुण्याला तिची ओळख "ही आमची गाणारी, नाचणारी" अशी करून देत. पण सर्वांत जास्त ते स्वतःच्या वाद्यावर तोंड टाकत. "व्हायोला म्हणजे लग्नातला नवरीचा धाकटा काका. प्रत्येक फोटोत असतो, नाव कुणाला आठवत नाही." नाहीतर, "सर म्हणतात, इतकं हळू वाजवा की वाजतंय की नाही अशी लोकांना शंका आली पाहिजे. आम्ही वाजवतच नाही. शंका तीच, मेहनत कमी." आणि बाख या जर्मन संगीतकाराची रचना बसवायची त्या दिवशी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती तेव्हा, "आधी बाक आणा, मग बाख."

एका गोष्टीवर मात्र ते कधी विनोद करत नसत. वाद्यं जुळवायच्या वेळी.

मोठ्या ऑर्केस्ट्रात ओबो नावाचं फुंकायचं वाद्य आधी 'ए' हा स्वर देतं आणि बाकीचे आपापल्या तारा त्याला जुळवतात. वसईच्या ऑर्केस्ट्रात ओबो नव्हता. तो कुणी पाहिलाही नव्हता. पण मर्विन अंकलचा कान होता. कुकरची तिसरी शिट्टी पहिलीपेक्षा किती उतरली हे सांगणारा माणूस. त्यामुळे क्लेमेंट सरांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, 'ए' मर्विन देणार. अंकल उभे राहत, डोळे मिटून आपली तार लावत आणि एक लांब, सरळ स्वर काढत. हॉल चिडीचूप होई. मग एकेक व्हायोलिन, चेलो त्या स्वराला येऊन मिळे. तेवढा वेळ हेमांगीला ते दुसरेच कुणीतरी वाटत.

म्हणून तो स्वर उतरू लागला तेव्हा तिने आधी फोनवर संशय घेतला.

तिची सवयच होती. अंकल 'ए' देत असताना ती फोनमधलं स्वर मोजायचं ॲप चालू करून बघे. इतकी वर्षं काटा अगदी मध्ये उभा असायचा, आणि त्याला बघून तिला जरा बरं वाटायचं. यंदा पावसाळ्यानंतर तो मध्याच्या डावीकडे कलू लागला. हवेतल्या दमटपणाने तारा सैल पडतात, पण अंकल तार लावून लगेच वाजवत होते, तेवढ्यात ती कशी सैल पडेल? तिने दुसरा फोन आणून पाहिला. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याकडून लोखंडी चिमटा आणला, नादकाटा म्हणतात तो, आणि गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. फोन खरं बोलत होता.

त्याच सुमारास तिने आणखी एक पाहिलं. फोन आला की अंकल तो डाव्या कानाला लावत आणि लगेच उजव्या कानाला नेत. "ह्या कानाला नेटवर्क नाही," म्हणत. सगळे हसत. तीही हसली होती.

मग तिने वाचून काढलं. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात स्वर ओळखणारे बारीक केस असतात. ते मरू लागले की स्वर नुसता मंद होत नाही, कधी कधी सरकतोसुद्धा. व्हायोला डाव्या खांद्यावर, डाव्या कानाच्या खाली वाजतो. अंकलच्या डाव्या कानाला प्रत्येक स्वर आहे त्याच्यापेक्षा चढा ऐकू येत असणार, म्हणून ते तार उतरवत, आणि ती चुकली की त्यांना बरोबर लागली असं वाटे. आणि बाकीचे तेरा जण, डोळे मिटून, त्यांच्याबरोबर खाली उतरत होते. एकमेकांशी अगदी सुरेल. हॉलमध्ये सगळी तारवाद्यंच, तारा कितीही उतरवता येतात. त्यामुळे काही बिघडलंय हे कुणाला कळायचं कारणच नाही, असं तिला वाटलं.

पण डिसेंबरातला कार्यक्रम चर्चमध्ये असे. तिथे रुडॉल्फ पायपेटी वाजवायचा, पायांनी भाता मारायची जुनी हार्मोनियम. तिच्यातल्या पितळी पात्या कुणासाठी उतरत नाहीत. आणि यंदा क्लेमेंट सरांनी स्वतः एक रचना लिहिली होती. तिच्यात मधोमध व्हायोला एकटा वाजणार होता, खाली फक्त पेटी.

"पस्तीस वर्षांनी नवरीच्या काकाला माइक मिळाला," अंकल म्हणाले. ते तो तुकडा घरी रोज वाजवत होते. त्यांच्या बायकोने, स्वप्नाआंटींनी, हे हेमांगीला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा तिला नीट वाचता आला नाही.

तिने तीनदा ठरवलं की अंकलना सांगायचं. तिन्ही वेळा त्यांनी आधी काहीतरी विनोद केला. शेवटी ती क्लेमेंट सरांकडे गेली. सर हॉलच्या पायरीवर चहा पीत बसले होते. तिने फोन काढून आकडे दाखवायला सुरुवात केली.

"ठेव तो," सर म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. सगळ्यांना माहीत आहे गो. त्याला सोडून."

"मग कोणी सांगत का नाही?"

"तू सांगतेस?" सरांनी कप खाली ठेवला. "तो 'ए' काढून घे त्याच्याकडून, मग मर्विनकडे उरतं काय? एवढा कार्यक्रम होऊ दे. त्याला त्याचा तुकडा वाजवू दे. मग स्वप्ना त्याला डॉक्टरकडे नेईल."

"पण पेटी?"

"रुडॉल्फशी बोललोय मी. यंदा पेटी फक्त त्याच तुकड्यात ठेवलीय. त्या तुकड्यात बोटं हलवेल. पाय हलवणार नाही."

हेमांगीला कळायला क्षणभर लागलं. भात्यात हवा नसली तर पट्ट्या दाबल्या तरी पेटी मुकीच राहणार.

"अंकलना पेटी ऐकू येणार नाही, हे त्यांना कळणार नाही का?"

"तेवढी हळू तर त्याला तशीही ऐकू येत नाही," सर म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

तिने नाही म्हणायला हवं होतं. वर्षानुवर्षं ती पाण्याचे नमुने तपासत होती. दूषित पाण्याला शुद्ध असा शेरा तिने एकदाही दिला नव्हता. पण ती "ठीक आहे सर" म्हणाली. त्यांच्या योजनेत एवढं प्रेम होतं की ती चूक आहे हे तिला त्या वेळी दिसलंच नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. तिचे वडीलसुद्धा आले, शेवटच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. अंकल उभे राहिले, डोळे मिटले, 'ए' दिला. तो आता इतका उतरला होता की फोन काढायची गरज नव्हती. व्हायोलिनं एकेक करून खाली आली. एकाही वादकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

मग तो तुकडा आला. ऑर्केस्ट्रा थांबला. रुडॉल्फने बोटं पेटीवर ठेवली. अंकलनी गज तारेवर टेकवला आणि वाजवू लागले.

ते सुंदर वाजवत होते, यात शंका नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरांना मधून आधार देणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचं काही बोलत होता, आणि घाई न करता बोलत होता. पुढच्या रांगेत स्वप्नाआंटी रुमाल तोंडावर धरून बसल्या होत्या. हेमांगीच्या मनात आलं, सरांचं बरोबर होतं.

हॉलमध्ये अंकल नेहमी भिंतीकडे तोंड करून बसत. चर्चमध्ये स्टँड तिरपा ठेवला होता. समोर वेदीच्या बाजूला पेटी होती आणि पेटीखाली रुडॉल्फचे काळे बूट. अंकलनी एका लांब स्वरावर डोळे उघडले. पेटीवाला आपल्याबरोबर श्वास घेतोय का हे प्रत्येक वाजवणारा बघतो, तसं त्यांनी बघितलं. रुडॉल्फची बोटं पट्ट्यांवरून फिरत होती. बूट भात्याच्या फळ्यांवर शेजारी शेजारी, स्वस्थ.

ते बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिले. गज थांबला नाही. तुकडा त्यांनी शेवटपर्यंत वाजवला, एकही स्वर न गाळता. पण शेजारी बसलेल्या हेमांगीला कळलं. दुसऱ्या अर्ध्यात व्हायोला बोलत नव्हता. पाठ केलेलं म्हणत होता.

टाळ्या खूप पडल्या. बाहेर अंगणात केक आणि वाइन होती, लोक अंकलचा हात धरून हलवत होते, ते "थँक्यू, थँक्यू" म्हणत होते. मग ते तिला बाजूला, क्रूसाजवळ घेऊन गेले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"हेमांगी. तू मोजतेस. किती उतरलाय?"

तिने सांगितलं. जवळजवळ अर्धा स्वर.

"आणि कधीपासून?"

"मला पावसाळ्यानंतर कळलं. सरांना त्याच्या आधी."

त्यांनी मान हलवली. अंगणात सगळे हसत होते, रुडॉल्फ कुणाला तरी केक भरवत होता.

"पस्तीस वर्षं मी ह्या लोकांची थट्टा केली," अंकल म्हणाले, "तोंडावर. ज्याची केली तोपण हसायचा, कारण त्याला कळायची. तुम्ही माझी केलीत ती मला सोडून सगळ्यांना कळली."

"थट्टा नव्हती, अंकल. आम्हाला वाटलं—"

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. "सर म्हातारा आहे, हळवा आहे. रुडॉल्फ सांगेल ते करतो. पण मी रोज तुझ्या शेजारी बसत होतो गो. तू मला खोटं सांगायची नाहीस, एवढ्यावर बसत होतो."

स्वप्नाआंटी शाल घेऊन आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या.

जानेवारीत ते तालमीला आले नाहीत. क्लेमेंट सर त्यांच्याकडे जाऊन आले, पण काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं. यंत्राने बोलणं थोडं कळतं, संगीत पत्र्यासारखं लागतं, असं आंटींनी फोनवर सांगितलं. उजवा कानही झपाट्याने जात होता. हॉलमध्ये आता एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र 'ए' देई. काटा अगदी मध्ये असे. सगळे बरोबर जुळत, आणि तालीम वेळेवर संपे.

फेब्रुवारीत एका रविवारी ती राजोडीला गेली. अंकल बागेत केळीला पाणी घालत होते. कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलं होतं. त्याचा त्रास होतो म्हणाले. त्यांनी तिला खुर्ची दिली, वडिलांची चौकशी केली, घरची केळी खायला लावली. सगळं अगदी नीट. पोस्टात आलेल्या माणसाशी बोलावं तसं नीट. तासभर ते केळीच्या रोगांबद्दल बोलले आणि त्यात एकदाही त्यांनी कुणाची खोडी काढली नाही.

येताना स्कूटरवर तिने एक विनोद तयार केला होता. त्यांना आवडेल असा. सहा वर्षांत तिने त्यांना एकही ऐकवला नव्हता, ते काम त्यांचं होतं. निघताना कुंपणाजवळ थांबून ती म्हणाली, "अंकल, आता व्हायोलावाल्यांमध्ये पूर्ण एकमत झालंय. मी एकटीच उरलेय."

"काय?" त्यांनी हात कानामागे धरला.

"व्हायोलावाल्यांमध्ये आता एकमत आहे," ती जरा मोठ्याने म्हणाली. "मी एकटीच उरलेय ना!"

"एक कुठे?" त्यांनी पाइप खाली ठेवला आणि जवळ आले. त्यांचा चेहरा मनापासून ऐकू पाहत होता, आणि तो तसा बघवेना. "कोण उरलं?"

तिसऱ्यांदा विनोद सांगता येत नाही. पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघेना. तिने श्वास घेतला आणि जेवढं निघालं तेवढं ओरडून सांगितलं,

"मी एकटीच उरलेय!"

आतून स्वप्नाआंटी धावत ओट्यावर आल्या. शेजारच्या वाडीतल्या बाईने वळून बघितलं.

मर्विन अंकलनी हळूहळू मान हलवली.

"ऐकू आलं," ते म्हणाले.