रेवण महाराजांचा पिवळा अंगारा

तामलवाडीच्या मारुतीपुढं बियाण्याच्या पिशव्या घेऊन अर्धा गाव बसला होता. रेवण महाराज एकेका पिशवीत पिवळा अंगारा टाकायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि म्हणायचे, "जा, तुझी काणी देवीनं गिळली." आणि खरंच, गेल्या साली ज्यांनी अंगारा चोळून ज्वारी पेरली, त्यांच्या कणसांत काणी रोगाची काळी भुकटी औषधालाही सापडली नव्हती.

विद्यापीठाच्या ज्वारी केंद्रावरचा शास्त्रज्ञ बब्रुवान कडेला उभा राहून दातओठ खात होता. हा महाराज म्हणजे त्याच्याच केंद्रावर तीन वर्षं रोजंदारीला असलेला रेवणप्पा. बियाण्याला गंधक चोळायला त्याला बब्रुवाननंच शिकवलं होतं. हेच गंधक बब्रुवान चार वर्षं गावोगाव फुकट वाटत हिंडला. लोकांनी पाकिटं घेतली, आढ्याला खोचली आणि बी तसंच पेरलं. आता तेच गंधक अंगारा म्हणून नारळ देऊन, रांग लावून घेत होते. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

तेवढ्यात मथुराबाई नातीला कडेवर घेऊन पुढं आली. पाच वर्षांची जाई दम्यानं धापा टाकत होती. पिकाला गुण येतो, मग लेकराला का येणार न्हाय, असं मथुराबाईचं म्हणणं. गर्दीलाही ते पटलं. रेवणप्पा जरा घुटमळला, पण सगळं गाव बघतंय म्हटल्यावर माघार कशी घेणार? त्यानं निखारे मागवले आणि अंगाऱ्याची धुरी द्यायचं ठरवलं.

गंधकाचा धूर धडधाकट माणसाचा श्वास कोंडतो, या पोरीचा तर जीवच जायचा. बब्रुवान गर्दी सारून पुढं घुसला, मथुराबाईला त्यानं लांब उभं केलं आणि निखाऱ्यांचं खापर महाराजांपुढं सरकवून त्यावर चिमूटभर अंगारा टाकला.

"महाराज, आधी तुम्ही घ्या धुरी."

निळी ज्योत उठली. फटाक्यांसारखा उग्र वास सुटला, पुढची रांग खोकायला लागली आणि रेवणप्पा नाकाला उपरणं लावून पारावरून खाली पळाला.

"ही धुरी माझ्या जाईला देणार व्हतास?" मथुराबाई म्हणाली. आतापर्यंत ती त्याला महाराज म्हणत होती.

बब्रुवाननं विद्यापीठाचं पाकीट फोडून पूड अंगाऱ्याशेजारी ओतली. दोन्हींत तसूभर फरक नव्हता. काणीचा रोग दाण्याला चिकटून येतो, गंधकानं तो मरतो, मंत्र म्हटला काय नि न म्हटला काय, हे त्यानं पाचव्यांदा समजावून सांगितलं.

म्हातारे गोरोबा मान हलवत म्हणाले, "खरं हाय साहेब. पर महाराजांच्या हातचं लई लागू पडतं बघा."

बब्रुवानला रडावं की हसावं कळेना. जाईची घरघर वाढत होती. त्यानं आजी-नातीला केंद्राच्या जीपमध्ये बसवलं, ड्रायव्हरला उस्मानाबादच्या दवाखान्यात घ्यायला सांगितलं आणि मागं वळला.

"गोरोबाकाका, दोन पट्टे पेरा. एकात नुसत्या मंत्राचं बी, दुसऱ्यात नुसत्या गंधकाचं. कणसं आली की तुमच्याच डोळ्यांनी बघा. अन् कुणी काही हातावर ठेवलं, मी ठेवलं तरी, लेकराला द्यायच्या आधी हे काय हाय, एवढं तरी विचारत जा."