खड्डे बुजवलेला चिरा

मी एक जुना चिरा आहे. केरळातल्या कासरगोडच्या खाणीतला, लाल जांभ्या दगडाचा. अंगभर खड्डे आणि भोकं, म्हणून शाळेची भिंत बांधताना गवंड्याने मला बाजूला टाकलं. तिथून उचललं ते चित्रकलेच्या मास्तरांनी, कुंजिरामन माषांनी. आमच्याकडे मास्तरांना माष म्हणतात.

माष मला वर्गात मधोमध टेबलावर ठेवत. “आधी डोळे मिटा, हाताने बघा. मग पेन्सिल उचला.” मुलं एकेक करून माझ्यावरून हात फिरवत.

“माषे, हा तर तांदळाच्या वाफवलेल्या पुट्टूसारखा लागतोय,” एकदा कुणीतरी म्हणालं.

“मग चावून बघ. दात उरले तर चित्र काढ.”

वर्ग खो खो हसला. मीही सुखावलो.

प्रसीता नावाची मुलगी तर माझ्यापासून हलायची नाही. माणसांचे चेहरे तिला जमत नसत, पण माझा खडबडीतपणा तिने असा उतरवला, की मुलं कागदावर बोट फिरवून बघू लागली. माष तिला एवढंच सांगत, “खड्डा बुजवायचा नाही, पोरी. सावलीला जागा लागते.”

माष निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी प्रसीताच चित्रकलेची टीचर होऊन आली. मला वाटलं, आपलं माणूस आलं. पण माझी लाल माती मुलांच्या पांढऱ्या शर्टांना लागते, अशी आईबापांची कुरकुर सुरू झाली आणि तिनेच गवंडी बोलावला.

“सगळा गुळगुळीत करून टाका याला. दारात कुंडी ठेवायला होईल.”

माझ्या एकेका खड्ड्यात सिमेंट गेलं, वरून पांढरा रंग बसला. वर्गात आता छापील कागद वाटतात. त्यावर ठिपके असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दगड’. मुलं ते ठिपके गिरवतात. परक्याने हे केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तिने माझा विश्वासघात केला.

परवा स्नेहसंमेलनाला माष आले. फार थकले आहेत. कुंडी सरकवून ते माझ्यावरच टेकले. त्यांचा हात सवयीने माझ्यावरून फिरला, पण कुठेच थांबला नाही.

“प्रसीता, आपला चिरा कुठे गं?”

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “असेल कुठेतरी, माषे. शोधायला हवा.”

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर हात फिरवून तुम्ही बघायला शिकलात, त्याची कुणी चौकशी केली, तर एवढं तरी खरं सांगा, की तो इथेच आहे.