सव्वादोन

आज चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन होझियाला सांगून टाकायचंच, असं ओझेला टिन्सलीने सकाळी केस विंचरतानाच ठरवलं होतं. सोमवारी ओहायोहून एक माणूस ट्रेलर घेऊन येणार आणि गाडी घेऊन जाणार. सांगायचं एवढंच होतं. पण चर्चच्या पायऱ्यांवरून क्लिओथाची शवपेटी खाली उतरत असताना कोण कुणाला काय सांगणार? तिने हातमोजे चढवले, अंत्ययात्रेच्या रीतीप्रमाणे भर दिवसा हेडलाइट लावले आणि मुकाट्याने शववाहिकेच्या मागे गाडी आणून उभी केली.

गाडी म्हणजे ब्यूक इलेक्ट्रा, सहासष्ट सालची, गडद लाल वाइनच्या रंगाची. अंगावर २२५ असा चकचकीत आकडा, म्हणून आपली फ्लिंट गावची मंडळी तिला ‘सव्वादोन’ म्हणत. ओझेलाच्या नवऱ्याने, लुशियसने, गावच्याच कारखान्यात आयुष्यभर गाड्यांची दारं बसवली, आणि स्वतःसाठी गाडी घेतली ती ही. त्याची आई गेली तेव्हा घरच्यांसाठी ठरवलेली भाड्याची गाडी आलीच नाही. लुशियसने सगळ्यांना सव्वादोनमध्ये कोंबलं आणि नेलं. तेव्हापासून रीतच पडून गेली. चर्चमधलं कुणीही जावो, शववाहिकेमागे सव्वादोन, आणि तिच्यात घरची माणसं. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही.

लुशियसला जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवशीही गाडी ओझेलानेच चालवली. दुसरं कोण चालवणार? ही बोट वळवायला अख्खा चौक लागतो. मागे नणंदा गळ्यात गळा घालून रडत होत्या, आणि ही पुढे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर शववाहिकेच्या मागच्या काचेवर. रडायला लागलं तर रस्ता दिसत नाही. त्यानंतरही किती जणांना पोचवलं, तिने मोजलं नव्हतं. पण पाठीमागून येणारं ते रडणं तिच्या मानेत साचत गेलं होतं, आणि हल्ली मान वळतच नव्हती.

“हीटर लाव गं,” मागून डॉर्सी म्हणाली. डॉर्सी म्हणजे क्लिओथाची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, डोक्यावर पिसांची काळी टोपी.

“लावलाय.”

“मग क्लिओथा म्हणायची ते खरंच. या गाडीला हीटर नाही, नुसता तोरा आहे.”

“मावशी!” व्होनेटा म्हणाली. व्होनेटा क्लिओथाची मुलगी, अटलांटाहून आलेली. पन्नाशीची बाई, पण आज चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता. “मिस ओझेला, तुम्ही मनावर घेऊ नका.”

“तुझी आई तीस वर्षं माझ्या बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवत होती,” ओझेला म्हणाली. “गाडी सुटेल असं वाटलंच कसं मला?”

मागे कुणीतरी हसलं, आणि हसताहसता रडायला लागलं. ओझेलाने आरसा जरा वर वळवला.

दफनभूमीत ओल्या बर्फाचा नुसता चिखल झाला होता. सगळे उतरले. ओझेलाच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. “तुम्ही व्हा पुढे. इथून दिसतंय मला,” ती म्हणाली. आणि खरंच दिसत होतं. छत्र्या, होझियाचं टक्कल, फुलं. मग तिने जरा डोळे मिटले.

लुशियस कधी असा गाडीत बसला नाही. तो उतरायचा, दोन पावलं चालायचा, परत यायचा, आणि आत वाकून दिव्यांची कळ दाबायचा. “दिवे, ओझी.” दर वेळी. तिला त्याचा वैताग यायचा.

काचेवर टकटक झाली तेव्हा डॉर्सी बाहेर कुडकुडत उभी होती. सगळे परत आले होते. आत बसले, दारं लागली. ओझेलाने किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही.

“दिवे,” ती स्वतःशीच म्हणाली.

इतरांच्या नव्या गाड्यांचे दिवे आपोआप विझलेले. हिचे तिने बंद केल्याशिवाय विझत नसत, बॅटरी संपेपर्यंत जळत. निघायला लागलेल्या गाड्या थांबल्या. पुरुषमंडळी उतरली, बॉनेट उघडलं गेलं, आणि त्यात डोकी खुपसून सगळे एकदम बोलायला लागले. एकाने धक्का मारायचं सुचवलं.

“ऑटोमॅटिक आहे ती,” होझिया ओरडला. “धक्क्याने सुरू होत नाही. चर्चपर्यंत ढकलत न्यायचीय का? खुशाल न्या, जेवणातली कोंबडी थंड होतेय तिकडे.”

बॅटरी जोडायच्या वायरी एकाकडेही नव्हत्या. शेवटी अंत्यविधीवाले मिस्टर क्वार्ल्स खाकरले. त्यांच्या शववाहिकेत होत्या. मग ती लांबलचक काळी गाडी हळूहळू वळून आली आणि सव्वादोनच्या नाकाला नाक लावून उभी राहिली.

“ज्यांना आणलं त्यांना उठवता येत नाही,” क्वार्ल्स वायरी सोडवत म्हणाले, “पण गाडीचं बघतो.”

बॅटरीत थोडी जान येईपर्यंत थांबायचं होतं. एकाने व्होनेटाला आपल्या गरम गाडीत बोलावलं. तिने नकारार्थी मान हलवली. “मम्मीला पोचवायला सव्वादोनमधून आले. मी परत त्यातूनच जाणार.” ओझेलाला ते ऐकू आलं आणि तिचा जीव आणखी थकला.

तेवढ्यात होझिया खिडकीशी आला, टोपी काढून वाकला. “ओझेला, ही बॅटरी नवी घालून घे. पुढच्या शनिवारी ब्रदर एमोस असेल बहुतेक.”

“एमोस जिवंत आहे, डीकन.”

“आहे ना. पण डॉक्टर काही बरं बोलत नाहीत.”

ओझेला त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारा तसा चांगला होता. लुशियसच्या शेवटच्या दिवसांत रोज सूप आणायचा. म्हणूनच गेले सहा महिने जीभ उचलत नव्हती.

“सोमवारी गाडी जातेय,” ती म्हणाली. “विकली मी.”

होझियाने टोपी परत डोक्यावर घातली, मग पुन्हा काढली. “मग एमोस?”

“एमोसला सांगा, रविवारच्या आत काय ते उरकून घे.”

बॉनेटमागून एक जण फिस्सकन हसला आणि गप्प झाला. होझिया नाही हसला.

“लुशियस असता तर—”

“लुशियस असता तर तो चालवत असता, आणि मी चर्चमध्ये सॅलड वाढत असते. डीकन, माझी मान वळत नाही. मला मागचं ऐकवत नाही आता. कुणाचंच.”

हे ती जरा मोठ्याने बोलली असावी. वायरी धरलेले क्वार्ल्ससुद्धा जमिनीकडे बघायला लागले.  होझियाने खिडकीच्या चौकटीवर हळूच थोपटलं, घोड्याला थोपटावं तसं. ते गाडीसाठी होतं की तिच्यासाठी, कळलं नाही.

“मला वाटलेलं,” तो म्हणाला, “माझी पाळी येईपर्यंत राहील.”

“मलाही तसंच वाटायचं,” ओझेला म्हणाली. “म्हणून तर इतकी वर्षं ठेवली.”

“लावा किल्ली!” क्वार्ल्स ओरडले.

इंजिन खोकलं, अडखळलं आणि मग तो जुना जड, खोल आवाज सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच जागेचं भान येऊन हात खाली घेतले.

ओझेलाने ब्रेक लावून ठेवला. मग दार उघडलं, गुडघ्यांना शिव्या घालत उतरली आणि मागचं दार उघडून म्हणाली, “व्होनेटा, पुढे जा. तू चालव.”

“मी? मिस ओझेला, मला ही... हे पायाशी कसलं बटण आहे?”

“दिव्यांचा झोत खालीवर करायचं. त्याला हात लावू नकोस. पायही लावू नकोस. हळू जा आणि वळताना सगळा रस्ता घे. लोक थांबतात.”

“पण तुम्ही कुठे बसणार?”

“सरक गं,” ओझेला डॉर्सीला म्हणाली.

इतक्या वर्षांत ती मागे कधी बसलीच नव्हती. सीट तिला वाटलं होतं त्यापेक्षा खोल होती. पाठ टेकली की माणूस आत जायचा, पाय पसरता यायचे, आणि पुढचं काही दिसायचंच नाही. नुसती दोन डोकी आणि आभाळाची पट्टी. लुशियस म्हणायचा, मागे बसलेल्याला रस्ता कळताच कामा नये. तिला वाटायचं, बढाया मारतोय.

गाडी फाटकातून बाहेर पडली. कुठल्याशा वळणावर ओझेलाच्या छातीतून काहीतरी सुटलं आणि ती रडायला लागली. आवाज काढून, नाक गळेपर्यंत. पुढे कुणीतरी रस्ता बघत होतं.

डॉर्सीने पर्समधून रुमाल काढून दिला. “क्लिओथासाठी रडतेस?”

“नाही.”

“बरं झालं. तिला पटलं नसतं.” डॉर्सीने तिच्या मांडीवर हात ठेवला. “लुशियस?”

ओझेलाने होकारार्थी मान हलवली. थोडीशी हलली.

“उशीर केलास गं,” डॉर्सी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

चर्चच्या दारात व्होनेटाने गाडी थांबवली, जरा तिरकीच. इंजिन बंद केलं, मग आठवून दिवे बंद केले. दरवेळी इथे ओझेला आधी उतरायची आणि मागचं दार उघडून धरायची. आज ती रुमाल मुठीत धरून बसून राहिली. होझिया लगबगीने पायऱ्या उतरत येत होता. उघडेल तो.