दहा अंश, दोन मैल

आंबिवलीचे काळुरामदादा कल्याणला आमच्या घरी येत ते तांदूळ घेऊन. १९५१ च्या वैशाखात मात्र ते रिकाम्या हातांनी आले आणि ओटीवर बसून राहिले.

"हरभाऊ, तू बी.एस्सी. ना? मना खरा सांग. ठासणीची गोली कवरी लांब जाते?"

आदल्या दिवशी त्यांची मुलगी शालू सासरी निघाली, तेव्हा दादांनी रिवाजाप्रमाणे बार काढला होता. असा बार नुसत्या दारूचा असतो. पण बंदूक रानडुकरांसाठी आधीच गोळी घालून ठासलेली होती, आणि ठासलेली बंदूक रिकामी करायचा सोपा उपाय म्हणजे ती उडवणं. दादांनी ती नदीच्या अंगाला उडवली. त्याच संध्याकाळी नदीपलीकडच्या शहाडला ठमाबाई नावाच्या बाईचं कौल फोडून शिशाची गोळी आत पडली. फौजदारांनी बंदूक जप्त केली.

"लायसन जाऊ दे रं. त्या घरान बाय निजली होती. गोली तिच्यापून हातभर बाजूला पडली. गोली माजी असंल तर बंदुकीला परत हात लावनार नाय."

मी त्यांच्या हाती काठी दिली. "कशी धरली होती, तशी धरा."

त्यांनी धरली. कोनमापकाला दोरा-खडा बांधून मी कोन मोजला. दहा अंश. गोळीचा वेग सेकंदाला हजार फूट धरला, पुस्तकातलं सूत्र लावलं. उत्तर आलं दोन मैल. मग नकाशावर पट्टी ठेवली. दादांच्या शेतापासून ठमाबाईच्या घरापर्यंत बरोबर दोन मैल.

उत्तर इतकं चोख जुळलं की मला क्षणभर आनंद झाला. मग दादांच्या तोंडाकडे बघितलं.

"माजीच, म्हंजे."

त्यांनी कागद उचलून बघितला. मग म्हणाले, "पन हरभाऊ, शंभर पावलांपल्याड माजी गोली डुकराची कातडी फोडीत नाय. वाऱ्यान दम जातो तिचा. तुज्या कागदान वारा कुठं हाय?"

वारा नव्हताच. आमच्या सूत्रात हवा नसतेच, आणि बी.एस्सी. होईपर्यंत ती कोणी मागितलीही नव्हती.

मुंबईच्या कॉलेजात जाऊन प्राध्यापकांकडून हवेच्या विरोधाचे आकडे आणले. मग लॉगची कोष्टकं घेऊन गोळीचा प्रवास पाव-पाव सेकंदानं मांडला. हवेत दहा अंशांची गोळी हजार वारही जात नव्हती. पण काठी धरताना दादांचा हात दोन-चार अंश चुकला असला तर? म्हणून वीस, तीस, पंचेचाळीस, सगळे कोन मांडले. पुस्तकात पंचेचाळीस अंशांना गोळी सर्वांत लांब जाते. हवेत ती तेहतीसच्या आसपास सर्वांत लांब गेली, आणि तिथेही साडेअकराशे वारांवर थांबली. दोन मैल म्हणजे साडेतीन हजार वार. दादांनी बंदूक कशीही धरली असती, तरी गोळी शहाडला पोचली नसती.

आठ दिवसांनी चौदा पानं घेऊन आम्ही फौजदारांकडे गेलो. त्यांनी ती चाळली. "हे कोणाला कळतं?"

"मला," मी म्हणालो.

"मना पन," काळुरामदादा म्हणाले. "वारा मीच घालाया लावला."

फौजदार हसले. त्यांनी पानं ठेवून घेतली, चौकशी केली आणि आठवड्यानं बंदूक परत दिली. ती गोळी कोणाची, हे मात्र कधी कळलं नाही.

बंदूक घेऊन आम्ही निघालो. दादांना पोचवायला मीही आंबिवलीच्या गाडीत बसलो, पण ते शहाडलाच उतरले; त्यांच्या मागोमाग मीही. पिशवीत त्यांनी दोन नवी कौलं आणि पायलीभर तांदूळ आणला होता.

"अहो, पण गोळी तुमची नव्हती!" मी म्हणालो.

"नव्हती. पन तुजा कागद होईतवर आठ दिवस माजीच होती ना?"

ठमाबाईंनी शेजाऱ्याची शिडी आणून दिली. मी ती धरली, आणि दादा वर चढले.