रेणूच्या लग्नातली विलायती गाडी

तीन वर्षांत चौथ्यांदा रेणू एकटीच वाटूर फाट्यावर बसमधून उतरून घरी आली, तेव्हा सखूबाईंनी लेकीला पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "आता काय बिघडलं गं?"

माहेरी आलेल्या लेकीला असं विचारायची वेळ कुठल्याच आईवर येऊ नये. पण रेणूचं येणं सणावाराला नसायचंच. गाडी बंद पडली की ती यायची.

ही गाडी तिच्या बापानं, आबारावांनीच लग्नात दिलेली. जावई सूरज जालन्यात बियाणांच्या कंपनीत नोकरीला. त्याच्या घरच्यांनी साधी देशी गाडी मागितली होती. तोही हुंडाच, त्यात शंका नको! पण मोसंबीच्या बागेचे मालक आबाराव इरेला पेटले. "साधी तर कोनीबी देतंय. पाव्हणे बघतच राह्यले पाहिजेत!" असं म्हणत त्यांनी पुण्याहून जुनी विलायती गाडी आणली आणि हार घालून मांडवाच्या दारात उभी केली. नव्या देशी गाडीच्या भावात मिळाली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. पुढं तिला काय काय लागेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. सूरजच्या घरच्यांच्या डोक्यात मात्र तो पक्का होता. गाडी तुमची, तर खर्चही तुमचाच!

"मागची बाजू खाली बसली," रेणू म्हणाली. "तातेरावांच्या ग्यारेजात लावलीय. नीट झाल्याबिगर येऊ नको, असं सासरचे म्हणलेत मला."

दुसऱ्या दिवशी आबारावांनी जालना शहरातल्या नवीन जालना भागातलं ते ग्यारेज गाठलं. तातेराव तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, तोंडाचा फटकळ.

"दोन लाख ऐंशी हजार," तातेराव हात पुसत म्हणाले. "मागचे हवेवरचे शॉकअप गेलेत, सामान बाहेरच्या देशातून येनार. दोन महिने तरी धरा."

"अन् देशी गाडीला हेच काम निघालं असतं तर?"

"साधे शॉकअप बदलायचे. दहा-बारा हजार. सकाळी लावली की संध्याकाळी घेऊन जा. सामान ह्याच रोडवर भेटतंय." मग तातेराव जरा जवळ आले. "खरं सांगू आबाराव? गाडीत खोट न्हाई. ज्याला पोसायची ऐपत हाय, त्यानं खुशाल घ्यावी. तुम्ही कशाला दिली? लोकायनी बघावं म्हणून! लोकं जेवून गेले आपापल्या घरी. तुमची लेक मात्र दर खर्च्यापायी माहेरी येऊन राह्यली. हे भरलं तर पुढचं बी तुमच्याच दारात येनार. बराबर का न्हाई?"

"बराबर," आबाराव कसेबसे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर जावयाला फोन लावला. "जावाईबापू, माझं चुकलं. ती गाडी विकून टाका, अन् रेणूला घेऊन जा."

"विकायची बिलकुल न्हाई, मामा," सूरजचा आवाज रेणूलाही स्पष्ट ऐकू आला. "कॉलनीत काय तोंड दाखवू? गाडी नीट झाली की रेणूला त्याच गाडीत आनून सोडा."

फोन बंद झाला. आबाराव खाटेवर बसले आणि लेकीपुढं पहिल्यांदाच रडले.

"आता एक रुपया देनार न्हाई! पोरी, मी गाडी न्हाई दिली गं. तुलाच गहाण टाकून आल्तो मी!"

रेणूच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "बराबर हाय, आबा. पन हे तुम्ही लग्नाआधी म्हणायला पाहिजे व्हतं."



वाचकहो, विलायती गाडी पोसायला देशीपेक्षा किती जास्त लागतं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण लेकीच्या लग्नात गाडी दिली, की ती बिघडेल तेव्हा भोगायचं कुणी, हे आपणच आपल्याला विचारायला हवं. म्हणून विलायती देऊ नका आणि देशीही देऊ नका! आबारावांना हे समजलं खरं, पण फार उशिरा. आज सहा महिने झाले. गाडी तातेरावांच्या शेडमध्ये तशीच बसून आहे, आणि रेणू वाटूरला. सूरजचा फोन आलेला नाही.