दुसरी फेरी

कुरामोची ओरिएबाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. कोबेच्या त्या संस्थेत त्यांनी चौतीस वर्षं महासंगणक उभे केले, मोडीत काढले, पुन्हा उभे केले. हा शेवटचा. जगातल्या वेगवान संगणकांच्या यादीसाठी वेगाचा आकडा पाठवायची मुदत आज पाच वाजता संपत होती. सकाळच्या चाचणीच्या फेरीत हा संगणक पहिल्या नंबराचा निघाला. बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या नंबराची चौकट भिंतीवर होतीच. तिच्याच जोरावर बाई प्रमुख झाल्या होत्या. आता शेजारी दुसरी लागणार.

पण बाईंचा एक खाक्या होता. तेच गणित पुन्हा घालायचं आणि वेग नव्हे, उत्तर ताडून पाहायचं. त्यांचा जुना सहकारी हातानो त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचा; यावर पाठीमागे म्हणायचा, सेन्सेई देवाला नमस्कार करून निघतात आणि देव जागेवर आहे ना, हे बघायला परत येतात.

दुसऱ्या फेरीचं उत्तर चुकलं. संगणकाच्या हजारो सर्किट बोर्डांतला एक गुपचूप चुकीची बेरीज करत होता. तो ज्या कपाटात बसवला होता ते अख्खं बंद करून तिसरी फेरी घेतली. साडेतीनला उत्तर बरोबर आलं, पण वेग घटून नंबर दुसरा.

संचालकांचा फोन आला. सकाळची फेरी नियमात बसते, तीच पाठवा, असं त्यांचं म्हणणं. बघते, म्हणून बाईंनी फोन ठेवला.

हातानो माफी मागायला कमरेत वाकून उभा होता. "सेन्सेई, त्या कपाटाची कुरकुर मला परवाच कळली होती. बोललो असतो तर नंबर गेला असता. तुमचं शेवटचं वर्ष..."

बाई रागावल्या नाहीत. रागावण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"त्या वर्षीही दुसरी फेरी चुकली होती," चौकटीकडे बघत त्या म्हणाल्या. "मी पहिली पाठवली. कुणाला सांगितलं नाही."

हातानोला आपली देवाची थट्टा आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने विचारलं, "मग ही चौकट?"

"उतरव. माझा हात पुरत नाही."

तो खुर्चीवर चढला. तोवर बाईंनी तिसऱ्या फेरीचा आकडा पाठवला, आणि त्याखाली बावीस वर्षांपूर्वीच्या नंबराबद्दल चार ओळी लिहिल्या. लिहिताना एकदाही खाडाखोड करावी लागली नाही.