सोऱ्याच्या पोटात ताराल्ली

मी एक जुना पितळी सोऱ्या आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भारी हेवेखोर आहे. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना आपण किती गुणी, किती सोशिक तेच सांगतात. मला ते जमायचं नाही. माझ्या पोटात पीठ जेवढं मावतं, तेवढाच जळफळाटही मावतो.

सोऱ्या म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. एक गोल नळकांडं, खाली चांदणीच्या भोकाची चकती आणि वर पिळायचा दांडा. पोटात चकलीच्या भाजणीचं पीठ भरायचं नि दांडा पिळायचा, की खालून काटेरी चकली वेटोळं घालत उतरते. ठाण्याच्या पद्माबाईंनी मला पुण्याहून, तांबट आळीतून आणलं. त्यांची लेक वीणा लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या साड्यांत गुंडाळून दिलं. "तिकडे सगळं मिळेल गं, पण चकली मिळायची नाही," म्हणाल्या. सिडनीच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझ्या चांदणीला डोळा लावून आरपार पाहिलं. वीणाचा नवरा शिरीष घाईघाईने म्हणाला, "स्नॅक्ससाठी आहे, मेट." तो माणूस हसला आणि आम्ही सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या घरी पोचलो.

काय दिवस होते ते! तिकडे दिवाळी येते वसंतात, रस्त्याकडेचे जॅकरांडा जांभळ्या फुलांनी भरतात तेव्हा. वीणा मला चिंचेने घासून लखलखीत करायची. दुपारभर मी चकल्या पाडायचो, आणि संध्याकाळी लांबलांबून आलेली मराठी मंडळी त्या कुरुमकुरुम खात म्हणायची, "वीणा, काटा काय सुरेख आलाय गं!" अहो, तो काटा माझा! पण कौतुक कुणाच्याही नावाने होवो, मी फळीवर बसून फुलून जायचो. चकल्यांचा स्टीलचा डबा माझ्या शेजारीच असायचा. तो डबा म्हणजे माझा मान होता.

मग सत्त्याण्णव साल उजाडलं आणि शिरीषचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. शिरीषचे वडील, श्रीनिवासराव, ऐन पन्नाशीत हृदयविकाराने गेले होते, आणि ते वीणा विसरली नव्हती. तिने त्याच दिवशी कढई कपाटात टाकली. तोवर माझी काही तक्रार नव्हती. घरधनी जगला पाहिजे, एवढं मलाही कळतं.

पण त्याच आठवड्यात कुंपणापलीकडच्या कोंचेत्ताबाईंनी एक ताटली इकडे दिली. बाई इटलीच्या, नवरा वारल्यापासून एकट्याच राहायच्या. घरामागे टोमॅटो लावायच्या आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायच्या. त्या दिवशी मात्र ताटलीत टोमॅटो नव्हते, छोटी छोटी खुसखुशीत कडी होती. शिरीषने एक तोंडात टाकलं आणि ओरडला, "अगं वीणा, ही तर कडबोळी!"

"कडबोळी नाही, ताराल्ली," कुंपणापलीकडून बाई म्हणाल्या. मैदा, ऑलिव्हचं तेल, थोडी पांढरी वाइन आणि बडीशेप. आधी उकळत्या पाण्यात टाकायची, वर तरंगली की काढायची आणि मग ओव्हनमध्ये भाजायची.

"म्हणजे तळत नाहीत?" वीणाने विचारलं.

"नो, नो. बेक्ड!"

झालं! त्या एका शब्दाने माझं वाटोळं केलं. बेक्ड म्हणजे पथ्याचं, अशी वीणाची खात्रीच पटली. कोंचेत्ताबाई द्यायच्या त्या पुरेनात, तेव्हा ती दुकानातून मोठाल्या पिशव्या आणू लागली. माझ्या चकलीला सवत आली, मित्रांनो! आणि एके दिवशी वीणाने काय करावं? त्या ताराल्ल्या चकल्यांच्या डब्यात भरल्या. माझ्या डब्यात! माझ्या डोळ्यांदेखत! मी पितळ म्हणून गप्प बसलो, मातीचा असतो तर तडकलोच असतो.

शिरीष क्रिकेट बघत वाडगेच्या वाडगे फस्त करायचा. त्याची लहानगी लेक ऋता एकदा म्हणाली, "बाबा, दॅट्स अ लॉट."

"बेक्ड आहेत गं, नो वरीज," म्हणत त्याने पुन्हा डब्यात हात घातला.

मी मनात म्हणायचो, खा बाबा, खा. माझ्या चार चकल्या खाल्ल्या की वीणा डोळे वटारायची, आणि हिला मात्र मोकळं रान! सारखा एकच विचार छळायचा, काय आहे त्या गुळगुळीत बयेत? ना काटा, ना भाजणी. पण डब्याचं झाकण निघालं की बडीशेपेचा वास यायचा आणि तो चांगला होता. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग काउन्सिलचा क्लीन-अप आला. तिकडची पद्धत अशी, की नको असलेलं सामान ठरल्या दिवशी घरासमोरच्या गवतावर ठेवायचं, ट्रक येऊन घेऊन जातो. वीणाने मोडका टोस्टर खोक्यात टाकला, जुना पंखा टाकला. मग मला उचललं आणि क्षणभर हातात धरून ठेवलं. मला वाटलं, घासणार! "आता लागतो कुठे हा," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने मला टोस्टरच्या अंगावर ठेवलं.

काय वाटलं ते कसं सांगू? ठाण्याहून साड्यांत गुंडाळून आलेला मी, उघड्यावर गवतात पडलो. ट्रक आला असता तर माझी कहाणी तिथेच संपली असती. पण त्याआधी एक हात खोक्यात आला, बोटं गाठाळ, सांधे सुजलेले. तिकडे गवतावरची चांगली वस्तू कुणीही उचलतं, त्यात कुणाला लाज वाटत नाही. हात कोंचेत्ताबाईंचा होता. म्हणजे मी थेट सवतीच्या माहेरी!

बाईंनी मला घासलं, पुसलं, फिरवून फिरवून पाहिलं. संधिवाताने त्यांना आता पिठाच्या वळ्या वळता येत नव्हत्या, म्हणून ताराल्ल्या करणंच कमी झालं होतं. त्यांनी पीठ मळलं आणि माझ्या पोटात भरलं. ताराल्लीचं पीठ, माझ्या पोटात! मी आटे घट्ट आवळून धरले, म्हटलं, जीव गेला तरी हिला बाहेर पडू देणार नाही. पण पिठात तेलच इतकं, की ते सुळकन खाली उतरलं, काटेरी, देखणं. बाईंनी हसून माझ्या पाठीवर थाप मारली. "बेल्ला!" कित्येक महिन्यांत मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. काय सांगू, मी विरघळलो.

थोड्याच दिवसांनी वीणा तिथे आली, रडवेली होऊन. सोबत तिची मैत्रीण डोरीन होती, मूळची वसईची, इथे हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन. शिरीषचे नवे रिपोर्ट आले होते. कोलेस्टेरॉल उतरलं नव्हतं, उलट चढलं होतं.

"तळलेलं एक कण दिलं नाही गं त्याला," वीणा म्हणाली. "नुसत्या ताराल्ल्या!"

"किती?"

"डबा भरला की संपतो."

डोरीनने कपाळाला हात लावला. "बाई गं, चकलीत मोहन घालतेस की नाही? तसंच यातही आहे, तेही भरपूर. मोहन काय ओव्हनमध्ये उडून जातं? वर सगळा मैदा. तेल चांगलं आहे, मान्य, पण डबाभर खाल्लं तर चांगलं तेलही अंगावर बसतंच."

मी कान टवकारले. आता चकलीचं कौतुक होणार! "भाजणीत निदान डाळी तरी असतात," डोरीन म्हणाली, आणि माझी छाती फुगली. "पण तळण ते तळणच. दोन्ही सणाचीच." माझी छाती खाली बसली.

"डबाभर?" कोंचेत्ताबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या गावात पाहुणा आला की दोन-तीन देतो. जेवण थोडंच आहे ते!" आणि त्यांनी नवीन ताराल्ल्यांची बशी पुढे केली.

वीणाने एक उचलली, पण तोंडाशी नेलीच नाही. तिच्यावरून बोट फिरवत राहिली. "हा काटा..." तिने ती डोरीनपुढे धरली. "डोरीन, हा माझ्या आईच्या सोऱ्याचा काटा आहे."

मी समोरच्याच फळीवर होतो. तिने मला काढून पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. "परत देता?" तिने विचारलं. बाईंनी लगेच होकाराची मान डोलावली, पण डोलावताना त्यांनी आपले सुजलेले हात ॲप्रनखाली लपवले. वीणाने ते पाहिलं. तिने मला परत फळीवर ठेवलं.

"इथेच राहू दे," ती म्हणाली. "दिवाळीला मीच येईन इकडे, भाजणी घेऊन."

तेव्हापासून मी कोंचेत्ताबाईंकडे असतो. शिरीष रोज चालायला जातो, आणि पुढचे रिपोर्ट खाली आले तेव्हा वीणा ते सांगायला कुंपणाशी धावत आली होती. दिवाळीच्या आधी ती येते, मला चिंचेने घासते, मग आधी चकल्या, नंतर ताराल्ल्या. डबा छोटा आणलाय, पाहुणे आले की उघडतो.

मित्रांनो, जुनी वस्तू गवतावर ठेवण्यापूर्वी एकदा घासून बघा, तिच्यावर कुणाचे हात फिरले ते आठवा. आणि कुठल्याही खाऊला एका शब्दावरून पथ्याचा ठरवू नका, त्यात काय मळलंय ते विचारा.

एवढं शहाणपण आलं, म्हणजे माझा हेवा गेला असं मात्र समजू नका. ऋतासमोर बशी येते, त्यात एक चकली आणि एक ताराल्ली, दोघींना माझाच काटा. तरी तिचा हात आधी कुणाकडे जातो, ते मी फळीवरून डोळ्यांत तेल घालून बघतो. काय करू? शेवटी मी पितळच, सोनं थोडाच आहे!